हॉटेलच्या चादरी

९ एप्रिल

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता बायकोकडून लिहून घेतला. ही एक लबाडी झाली. ती पहिल्याच ओळीत कबूल करतो, म्हणजे पुढचं तरी तुला खरं वाटेल.

चार वर्षांनी लिहितोय. तुझा पत्ता बुटकीने दिला. घडीच्या टेबलाला तुम्ही दोघी समोरासमोर उभ्या असायचात, चादरीची दोन टोकं तुझ्या हातात, दोन तिच्या. आता तिला मळक्या चादरींच्या निवडणीवर टाकलंय. तिथलं टेबल उंच, म्हणून ती प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "जरा मान वर करून बोला, मी आता मोठी झालेय." पत्ता देताना मात्र हसली नाही. म्हणाली, "लिही. पण खोटं लिहिणार असलास तर तिकीट वाया घालवू नकोस, धाकट्या."

आमचं बरं आहे. रोग इथेही आलाय. रस्त्यावर कुत्री तेवढी निर्धास्त फिरतात. हॉटेलं बंद पडली तसा आपला धुलाईचा कारखानाही सोळा दिवस बंद होता. हॉटेलात माणूसच झोपायला येत नाही, तर चादरी कुणाच्या धुणार? मग एका सकाळी सगळ्यांना फोन गेले, उद्यापासून या. मालकांना कुठूनतरी काम मिळालं. कुठून, ते माझ्यासारख्या टाइम ऑफिसातल्या हजेरी-कारकुनाला कोण सांगतंय!

काळजी घेतात तशी. फाटकावर कपाळाला ती बंदूक धरून ताप मोजतात. मीच मोजतो. नळाशेजारी साबणाची वडी दोरीने टांगलीय, कुणी नेऊ नये म्हणून. वर हा मोठा फलक : 'आमचे कामगार, आमचे सैनिक.' सैनिकांच्या वडीला कुणाचे ना कुणाचे केस चिकटलेले असतात. मॅनेजरसाहेबांनी स्वतःभोवती काच बसवून घेतलीय. खाली एक फट ठेवलीय, त्यातून कागद सरकवायचा, मग ते तो चिमट्याने उचलतात. परवा माझी बोटं चुकून फटीतून आत गेली, तर साहेब खुर्चीसकट मागे सरकले. अंगावर पाल पडावी तसे.

तू ज्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहेस ती शाळाही बंदच असेल. भागतं ना तुझं? हाताचं कसं आहे? त्या रोलरच्या प्रकाराबद्दल मी आज काही लिहीत नाही.

धाकटा

२१ एप्रिल

ताई,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं. तरी टपालवाला दिसला की मान आपोआप वर होते.

तुला एक गंमत सांगणार होतो. लिहायला बसलो आणि तीत गंमत उरली नाही. तरी सांगतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत बुटकी माझ्या खिडकीशी आली. हातात पातळ मोजे, केसांना लावायच्या रंगाबरोबर मिळतात तसले. दुपारपर्यंत त्यांची बोटं फाटून लोंबायला लागतात. दोन बोटांत धरून तिने एक प्लास्टिकची पट्टी माझ्यापुढे नाचवली.

"हॉटेलात हल्ली पाहुण्यांच्या मनगटाला पट्टी बांधतात का रे?"

"नवीन पद्धत असेल."

"वय एकाहत्तर. खाट बत्तीस. हॉटेलात खाटेला नंबर असतो?"

मी हजेरीपट उघडून त्यात डोकं घातलं. "मला काय विचारतेस? गाडी येते, मी नोंद करतो."

"तेच विचारतेय. नोंद काय करतोस?"

"हॉटेल."

तिने पट्टी हजेरीपटाच्या पानावर टाकली. मग म्हणाली, "साहेबांच्या घरचं गाठोडं यायचं बघ दर सोमवारी. पडदे, अभ्रे, पोरांचे गणवेश. फुकटात धुऊन, इस्त्री होऊन जायचं. काम सुरू झाल्यापासून एकदा तरी आलं?"

नव्हतं आलं. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं, ताई. मी रोज गेटवर बसतो, काय आलं ते लिहितो, पण काय यायचं थांबलं ते लिहायची वही नसते.

"साहेब स्वतःचा पडदा ज्या पाण्यात बुडवत नाहीत, त्यात आम्ही कोपरापर्यंत हात घालतो," ती म्हणाली. "हे बघ, मला तुझ्याशी भांडायचं नाही. माल कुठला ते आम्हाला नाकाने कळतं. पण कागदावर हॉटेल असेल तर हातमोजे हॉटेलचे मिळतात. कागदावर दवाखाना आला, तर जाड मोजे मागता येतील, अंगावर झगा मागता येईल, चादर गरम पाण्यातून काढल्यावरच हाताळू म्हणता येईल. तेवढंच लिही. एक शब्द."

"बघतो," मी म्हटलं.

नाकाचं ती म्हणाली ते खरं आहे. हॉटेलच्या चादरीचा वास तुलाही पाठ असेल. घाम, अत्तर, सांडलेली दारू. त्या वासावर तुम्ही दोघी काय काय गोष्टी रचायचात! हा वास तसा नाही. निळ्या पिशवीची गाठ सोडली की औषध, ओकारी आणि वर मारलेला कसला तरी उग्र फवारा, असं सगळं एकदम तोंडावर येतं. चादरी ओल्या असतात, आणि त्या पाण्याने ओल्या झालेल्या नसतात. एकीच्या हाताला काल कवळी लागली. ती किंचाळली नाही. टेबलाच्या कडेला नीट ठेवली आणि पुढची पिशवी ओढली. मला सगळ्यात जास्त किळस कशाची आली असेल, तर तिच्या त्या सवयीची.

सगळ्यांकडून एक कागद सही करून घेतलाय. 'मी स्वखुशीने कामावर येत असून माझ्या प्रकृतीस काही अपाय झाल्यास त्यास कारखाना जबाबदार राहणार नाही.' शिवाय, 'सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास माझे नाव कमी करण्यास माझी हरकत नाही.' मजकूर पक्का आहे, मुंगी शिरायला फट नाही. कोणी लिहिला देव जाणे.

धाकटा

३० एप्रिल

ताई,

हात धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघालीत. बायको म्हणते, तुमच्या हाताला कारखान्याचा वास येतो. मी म्हणतो, येणारच. ती म्हणते, नाही, तो वेगळा होता. ताट वाढते आणि दोन पावलं मागे सरकते.

बुटकीचं नाव काल कमी झालं.

क्रमाने सांगतो. बावीस तारखेला सकाळी बंदुकीत तिचा ताप एकशे एक आला. नियम असा की शंभराच्या वर गेला की घरी पाठवायचं, आणि घरी पाठवलेला दिवस गैरहजेरी धरायचा. तीन झाले की नाव गेलं. रोजंदारीच्या बाईला पुन्हा कोण घेतंय? ती रांगेत माझ्यासमोर उभी होती, मागे तीस जणी. ओठ न हलवता म्हणाली, "सत्त्याण्णव लिही."

मी सत्त्याण्णव पूर्णांक चार लिहिलं.

मला वाटलं मी तिच्यावर उपकार केला. खरंच वाटलं, ताई. त्या दिवशी घरी जाताना मी शीळ घालत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्त्याण्णव, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिच्या शेजारच्या दोघीही म्हणाल्या, आमचंही तेवढंच लिहा. पाचव्या दिवशी तिला क्रेटवर चढता येईना. एकीने काखेत हात घालून चढवलं तर ती तशीच चादरींच्या ढिगावर बसली, आणि म्हणाली, "जरा पाठ टेकते, कुणी माझी घडी घालू नका." सगळ्या हसल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती डोळे उघडत नाहीये.

रिक्षात घालून घरी पाठवली. त्या दिवशीची हजेरी आधीच लागलेली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तीन दिवस. साहेबांनी काचेतून तीन बोटं दाखवली आणि मी लाल शाईने रेघ मारली.

आज तिची मुलगी आली होती. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा शाळेत असेल. आता औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. फाटकाबाहेर उभी राहून म्हणाली, "आईला दम लागतोय. भरती करताना विचारतात कुठे काम करते, कशाच्या संपर्कात आली. तुमच्याकडून पत्र द्या, दवाखान्याच्या चादरींवर काम करत होती म्हणून. लवकर आत घेतील."

साहेब जागेवर नव्हते. मी तसं सांगितलं. ती अर्धा तास थांबली आणि गेली.

तुला हे का कळवतोय माहीत नाही. तू तिची मैत्रीण, म्हणून असेल.

धाकटा

९ मे

ताई,

बुटकी गेली. परवा, दुपारी. रुग्णालयाच्या जिन्याखाली चाकाच्या खाटेवर. आत जागा होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं.

आता हे वाच. आधीची तीनही पत्रं पुन्हा काढ आणि शेजारी ठेव.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खेळाच्या मोठ्या बंदिस्त मैदानात तात्पुरतं रुग्णालय उभं केलंय, काम तिथलं. चादरी नव्या कोऱ्या, पांढऱ्या, त्यांच्यावर शिक्का नाही. पिशव्या लाल येतात, संसर्गाच्या कपड्यांना असतात तशा. मागच्या शेडमध्ये दोन माणसं त्या हॉटेलच्या निळ्या पिशव्यांत रिकाम्या करतात आणि मग माल पुढे निवडणीला जातो. गाडीबरोबर येणाऱ्या पावतीवर रुग्णालय लिहिलेलं असतं. साहेबांनी सांगितलं, वहीत हॉटेल लिही आणि पावत्या जाळून टाक. मी वहीत हॉटेल लिहिलं.

तो स्वखुशीचा कागद मी लिहिला. साहेब म्हणाले, तुझी भाषा चांगली आहे. मी तीन वेळा खाडाखोड केली, 'स्वेच्छेने' लिहू की 'स्वखुशीने' यावर चहा थंड होईपर्यंत विचार केला. स्वखुशीने! त्यातला 'खुशी' हा शब्द मला जास्त गोड वाटला. ओकारी येते का तुला? मला येते, आणि ती गिळून मी गेटवर बसतो.

साहेबांनी मला दोन चांगले मास्क दिले होते, दवाखान्यात घालतात तसले. मी ते आत घालायचो आणि वरून इतरांसारखा कापडाचा फडका बांधायचो, कुणाला दिसू नये म्हणून. बुटकी "सत्त्याण्णव लिही" म्हणाली तेव्हा तिच्या-माझ्यात हातभर अंतर होतं. तिच्या तोंडावर ओढणी होती. माझ्या तोंडावर दोन पदर.

आणि साहेब जागेवर होते. तिची मुलगी फाटकाबाहेर उभी होती तेव्हा साहेब काचेआड डबा खात होते. मी आत जाऊन विचारलं. ते घास चावत चावत म्हणाले, "कोण बाई? एकोणतीसला नाव कमी केलं ना तिचं? मग आपली कोण ती?" मग बोटं पुसली, त्यावर त्यांचा तो सुगंधी द्राव चोळला आणि पुन्हा डबा पुढे ओढला. मी बाहेर येऊन सांगितलं, साहेब नाहीत.

आता तुझं.

घडीवरून तुला इस्त्रीच्या रोलरवर टाकलं, त्याला जाळी नव्हती. गरम रोलरपुढे दिवसभर ओल्या चादरी सरकवायच्या आणि मध्ये जाळी नाही. तू जाळीसाठी तीन अर्ज दिलेस. तिन्ही माझ्या टेबलावरून वर गेले, तिन्ही खाली आले. ज्या दिवशी तुझी दोन बोटं गेली त्या दिवशी अपघाताच्या वहीत मी लिहिलं, 'सदर कामगार बोलण्याच्या नादात होती. हलगर्जीपणा.' खाली तारीख, वेळ, माझी सही. तू शुद्धीवर आलीस त्याच्या आधी शाई वाळली होती. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. बायकोला मी सांगितलं, कामाची कदर झाली. तुला वाटत राहिलं की साहेबांनी दबाव आणला. नाही. साहेबांनी फक्त वही पुढे सरकवली. ते तेव्हा चिमटा वापरत नसत.

माझं काम पक्कं झालं ते तुझ्या हातावर. हे वाक्य मी चार वर्षं तोंडात धरून होतो. त्याचा वास मलाच यायला लागला होता.

धाकटा

१८ मे

ताई,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांतली पहिली ओळ आणि तीही अशी. 'मला पत्रं लिहून तुझं पोट साफ होईल, दुसरं काय? जिची आई गेली तिला सांग.'

पहिल्यांदा राग आला. एवढं सगळं कबूल केलं आणि बाईसाहेबांना त्याचं काहीच नाही! कार्ड फाडायला घेतलं. मग लक्षात आलं की मला शाबासकी हवी होती. लहानपणी काच फोडून वर स्वतःच येऊन सांगायचो आणि तू पाठीवर हात ठेवायचीस, तशी. माझी मलाच शिसारी आली.

इकडे काय चाललंय ते ऐक. सोमवारी फाटकाजवळ शोकसभा झाली. बुटकीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. इतका मोठा, की चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले होते. मालक स्वतः गाडीतून आले. उतरले नाहीत. काच चार बोटं खाली करून म्हणाले, "ती आपल्या कुटुंबातली होती." दोन मिनिटांची शांतता पाळायची होती. दोन मिनिटं होण्याआधीच गाडी सुरू झाली.

आणि त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं. फटीतून हजेरीपट सरकवला.

"ती मुलगी कुठेतरी तक्रार करणार आहे म्हणे. एप्रिलचं पान नवीन लिहून काढ. या बाईचं नाव मार्चअखेर कमी झालं असं दाखव. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा ती आपल्याकडे नव्हतीच."

"साहेब, सकाळी मालक तिला कुटुंबातली म्हणाले."

"ते भाषण होतं. हे रेकॉर्ड आहे." मग जरा मऊ झाले. "तुला काही हे नवीन नाही. स्टोअरची जागा रिकामी होतेय, माझ्या डोक्यात तुझंच नाव आहे. आत बसायचं, गेटवर धोका नको."

मी म्हटलं, पान सावकाश लिहावं लागेल, शाई जुळायला हवी, घरी नेऊ का? ते म्हणाले, ने.

तर हजेरीपट आता माझ्यासमोर आहे. एप्रिलच्या पानावर बुटकीच्या नावापुढे अठरा हजेऱ्या आहेत आणि मग लाल रेघ. तिच्या खाली आणखी सहा लाल रेघा. सहाही निवडणीच्या. सहाही तापाने घरी बसल्या म्हणून गेल्या.

कपाटात गाडीच्या पावत्याही आहेत. मी त्या जाळल्या नव्हत्या. यात शौर्य नव्हतं, ताई. माझ्या हातून कागद टाकवत नाही, एवढंच. वहीत एक लिहायचं आणि पावतीचा गठ्ठा तारखेने दोऱ्यात ओवून ठेवायचा, ही कारकुनाची खोड.

बायको विचारतेय काय करता. मी म्हटलं, विचार. ती म्हणाली, "विचार करणारा माणूस पावत्या तीन-तीनदा मोजत नाही." मग हळूच विचारलं, "नोकरी जाईल?"

जाईल.

धाकटा

३० मे

ताई,

गेलो. एकोणीसला सकाळी, कामावर जायच्या वेळी, तिच्या घरी.

दोन खोल्यांचं घर, खिडकीला जाळी. मुलीने दार उघडलं नाही. खिडकीत आली, तोंडावर मास्क, केस ओले. मी म्हटलं, मी टाइम ऑफिसमधला. ती म्हणाली, "माहीत आहे. साहेब नाहीत म्हणणारे."

मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं तेच, त्याच क्रमाने. लाल पिशव्या, निळ्या पिशव्या, सत्त्याण्णव, माझ्या तोंडावरचे दोन पदर. एका जागी मी म्हटलं, "परिस्थितीच अशी होती की..." तेव्हा तिने हात वर केला. "ते सोडा. पुढे."

शेवटी विचारलं, "तो स्वखुशीचा कागद कुणी लिहिला?"

"मी."

"आई म्हणायची, ज्याने लिहिलंय त्याला एक दिवस तरी क्रेटवर उभा करायला हवा." ती रडली नाही. तिने जाळीतून माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला माफ—" तर म्हणाली, "ते मागायला आला असाल तर परत जा. पावत्या आणल्यात?"

आणल्या होत्या. हजेरीपटही.

"मग आत्ताच कामगार कार्यालयात चला. उद्यापर्यंत तुम्ही बदलाल."

मला ओळखायला तुला चाळीस वर्षं लागली, तिला वीस मिनिटं लागली. ती आत जाऊन चपला घालून आली आणि पुढे चालू लागली. मी चार पावलं मागे, पिशवी छातीशी धरून.

वाटेत कारखान्यावरून गेलो. निवडणीच्या बायका आत जायला उभ्या होत्या, गेटवर माझ्या जागी दुसराच कुणीतरी बंदूक घेऊन. मुलगी रस्त्याच्या पलीकडूनच ओरडली, "पिशव्या दवाखान्याच्या आहेत! यांच्याकडे पावत्या आहेत!" मी पावत्यांचा गठ्ठा वर धरला.

मग ती कवळीवाली, जिने किंचाळण्याऐवजी पुढची पिशवी ओढली होती, ती रांगेतून बाहेर आली. रस्त्याच्या कडेला थुंकली आणि म्हणाली, "सहा आठवडे मला वाटत होतं माझंच नाक बिघडलंय." तिने आपले ते पातळ मोजे काढले आणि फाटकाच्या सळईला अडकवले. मग दुसरीने. मग सगळ्यांनी. कुणी घोषणा दिल्या नाहीत. त्या नुसत्या एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून भिंतीच्या सावलीत बसल्या आणि आत गेल्या नाहीत. साहेब पळत आले. फाटकाला लोंबणारे मोजे पाहून जागच्या जागी थबकले. त्यांना फाटक उघडायचं होतं, पण हात कुठे लावावा कळेना. ते ध्यान तू बघायला हवं होतंस.

तीन दिवस त्या बसून होत्या. तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी, पण मग सगळीच नावं कमी करावी लागली असती, आणि रुग्णालयाला चादरी तर रोज हव्यात. चौथ्या दिवशी जाड हातमोजे आले, झगे आले, लाल पिशव्या लाल म्हणूनच आत आल्या आणि आधी थेट गरम पाण्याच्या ड्रममध्ये गेल्या. त्या सहा जणींना परत बोलावलंय. चार आल्या. एक अजून खाटेवर आहे. एक म्हणाली, त्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

मला एकोणीसच्याच संध्याकाळी काढलं. 'कार्यालयीन कागदपत्रांची चोरी.' भाषा फारच गचाळ होती, एका वाक्यात दोन चुका. आता बायको शेजारच्या बेकरीत पाव बांधायला जाते. माझ्याशी बोलते. ताट वाढून समोर बसते.

फार काही जिंकलोय असं समजू नकोस. साहेब अजून काचेआडच आहेत. मालकांचा वकील म्हणतो, मृत्यू कशाने आला ते सिद्ध करा. फलक उतरवलाय, एवढंच.

त्या दिवशी कामगार कार्यालयात एकच अधिकारी होता, बाकी खुर्च्या उलट्या टेबलांवर. त्याने पावत्या चाळल्या, हजेरीपट चाळला, मला तोंडाने सगळं सांगायला लावलं. मी तुझ्या बोटांचंही सांगितलं. त्याने लेखणी थांबवली. म्हणाला, "ते जुनं प्रकरण आहे. तुम्ही खोटं लिहिलं हे तुम्ही सांगताय, ठीक, लिहून घेतो. पण दाद मागायची तर त्यांनी स्वतः अर्ज करायला हवा." माझ्या जबाबाची नक्कल या पत्रासोबत ठेवली आहे. पान तीन, खालून सातवी ओळ. तिचं काय करायचं ते तू ठरव. मला कळवायची गरज नाही.

शेवटी त्याने बुटकीच्या तक्रारीचा कागद काढला. मुलीचं नाव, पत्ता, मृताशी नातं. मग माझ्याकडे बघत तिला विचारलं.

"आणि हे तुमचे कोण? काका?"

बुटकी मला धाकट्या म्हणायची. ही पोर रांगत होती तेव्हा तू तिला आपल्या घरी आणायचीस, मी तिला मांडीवर घेतलेलं आहे. मी मुलीकडे पाहिलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी नाहीत. साक्षीदार लिहा."

त्याने लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.

धाकटा